मृत्यूच्या मागून येणारे नियम

२ ऑगस्ट २०२५ रोजी टोकियोच्या कोराकुएन सभागृहात धंदेवाईक मुष्टियुद्धाचे जे सामने झाले, त्यांत लढलेले दोन तरुण त्यानंतरच्या आठवड्यात एकामागून एक मरण पावले. शिगेतोशी कोतारी ह्याने बारा फेऱ्या पूर्ण केल्या, सामना बरोबरीत सुटला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याची शुद्ध हरपली. हिरोमासा उराकावा आठव्या फेरीत कोसळला. दोघांचेही वय अठ्ठावीस. दोघांच्याही मेंदूवरील आवरणाखाली रक्तस्राव झाला, दोघांवरही शस्त्रक्रिया झाली, आणि दोघेही वाचले नाहीत. जपानच्या नियामक मंडळाने तातडीने एक निर्णय जाहीर केला : पौर्वात्य व पॅसिफिक विजेतेपदाचे सामने ह्यापुढे बाराऐवजी दहा फेऱ्यांचे होतील.

ह्या निर्णयामागील सद्‌भावनेविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु उराकावा आठव्याच फेरीत पडला होता, ही गोष्ट नजरेआड कशी करावी ? दहा फेऱ्यांची मर्यादा त्या दिवशी असती, तरी तिने त्याचे रक्षण झाले नसते. अमेरिकेचा पॅट्रिक डे २०१९ च्या ऑक्टोबरात शिकागो येथे मृत्युमुखी पडला, तोही दहाव्या फेरीतील आघाताने. फेऱ्या कमी केल्याने धोका कमी होतो हे खरे. पण तेवढ्याने कर्तव्य संपले असे मानणे म्हणजे घराला आग लागल्यावर एक खिडकी बंद करून स्वस्थ बसण्यासारखे आहे.

मुष्टियुद्धाच्या नियमांचा इतिहास पाहिला, तर त्याचे जवळजवळ प्रत्येक पान कोणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिले गेले आहे असे दिसते. १८६७ साली क्वीन्सबेरीच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियमांनी तीन मिनिटांची फेरी, एका मिनिटाची विश्रांती, दहा अंकांची मोजणी आणि हातमोजे ह्या गोष्टी रूढ केल्या. ह्या सुधारणा मोलाच्या होत्या. तथापि हातमोजा हा मुख्यतः मारणाऱ्याची बोटे वाचवितो, मार खाणाऱ्याचा मेंदू नव्हे; उलट उघड्या मुठीने मस्तकावर जे प्रहार करण्यास माणूस कचरला असता, ते तो मोजा घालून निःशंकपणे करतो.

२४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये बेनी पॅरेट हा एमिल ग्रिफिथच्या हातून बाराव्या फेरीत कोपऱ्यात सापडला. दोरांचा आधार असल्यामुळे तो खाली पडू शकला नाही, म्हणून पंचाची मोजणी सुरू झाली नाही, आणि प्रहार चालूच राहिले. हे सारे दूरचित्रवाणीवरून लक्षावधी लोकांनी पाहिले. त्याआधी साडेतीन महिन्यांपूर्वीच त्याला दुसऱ्या एका सामन्यात बेशुद्ध होईतो मार बसला होता. तरीही त्याला लढण्यास मज्जाव करणारा कोणी निघाला नाही. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये डेव्ही मूर गेला. १९८२ च्या नोव्हेंबरात लास व्हेगास येथे कोरियाचा डुक कू किम चौदाव्या फेरीत पडला व चार-पाच दिवसांत वारला. तेव्हा कोठे पंधरा फेऱ्यांच्या सामन्यांस ओहोटी लागली. जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने ही सुधारणा लगोलग केली. इतर संस्थांना तीच करावयास आणखी काही वर्षे लागली.

अशा सामन्यांत मृत्यू येतो तो बहुधा एकाच वाटेने. मस्तकाला हिसका बसला की मेंदू कवटीत हेलकावतो, त्याच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्या तुटतात, रक्त साचत जाते व मेंदूवर दाब वाढत जातो. म्हणून रिंगणात प्राणवायू व श्वसननलिका घालू शकणारा डॉक्टर आहे की नाही, दाराशी रुग्णवाहिका उभी आहे की नाही, आणि ती ज्या रुग्णालयात जाणार तेथे मेंदूचा शल्यविशारद सज्ज आहे की नाही, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून असते.

हे इंग्लंडला मोठी किंमत देऊन कळले. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये मायकेल वॉटसन हा क्रिस युबँकशी झालेल्या सामन्यात जबर जखमी झाला. रिंगणाशी आवश्यक ते उपचार मिळाले नाहीत. त्याला प्रथम नेले ते रुग्णालयही मेंदूच्या शस्त्रक्रियेचे नव्हते. तो वाचला, पण कायमचा अपंग झाला. त्याने ब्रिटिश नियामक मंडळावरच दावा लावला. आपण केवळ नियम करतो, उपचारांची जबाबदारी आपली नव्हे, असा मंडळाचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला, आणि २००० च्या डिसेंबरात अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. ज्याच्या नियमांवर विसंबून माणूस रिंगणात उतरतो, त्या नियमांतील उणिवांचे उत्तरदायित्व नियम करणाऱ्यावर येते, हे त्या निकालाचे सार होय. आमच्या मते ह्या खेळाच्या इतिहासात कोणत्याही विजेतेपदापेक्षा हा निकाल अधिक महत्त्वाचा आहे.

मग हा खेळ बंदच का करू नये, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावली की डाव संपतो. येथे मात्र प्रतिस्पर्ध्याची शुद्ध हरपविणे हाच सर्वांत निर्विवाद विजय मानला जातो. डॉक्टर मार्टलंड ह्यांनी १९२८ सालीच सतत मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचे वर्णन करून ठेवले आहे. परंतु बंदीचा अनुभवही पाहिला पाहिजे. नॉर्वेने १९८१ साली धंदेवाईक मुष्टियुद्धावर बंदी घातली. तिच्या काळात त्याच देशाची सेसिलिया ब्रेखुस परदेशात लढून जगज्जेती झाली. प्रहार थांबले नाहीत, केवळ त्यांची जागा बदलली. २०१४ साली बंदी उठली. स्वीडननेही १९७० ची बंदी पुढे कडक परवान्यांच्या अटींवर शिथिल केली. जे थांबविता येत नाही, ते निदान उजेडात व देखरेखीखाली ठेवावे, हाच ह्यातला बोध.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. ऑलिंपिक पदकविजेता विजेंदर सिंग ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळी येथे धंदेवाईक सामना लढला, तेव्हा प्रेक्षागारात उत्साहाला उधाण आले होते. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने सामन्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी, रिंगणाशी डॉक्टर, पुनरुज्जीवनाच्या साधनांची सोय व लढणाऱ्याचा विमा ह्या गोष्टी सक्तीच्या केल्या. एका राज्याने बेशुद्धीमुळे अपात्र ठरविलेला माणूस दुसऱ्या राज्यात लढू शकू नये अशीही तजवीज केली. धंदेवाईक मुष्टियुद्धापुरता असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. २०२२ च्या जुलैत बंगळूर येथे किकबॉक्सिंगच्या एका सामन्यात एक तरुण दगावला, तेव्हा वैद्यकीय व्यवस्था पुरेशी नव्हती अशी त्याच्या कुटुंबीयांची तक्रार होती. हा इशारा पुरेसा समजावा.

करावयाचे आहे ते अवघड नाही. अशा कार्यक्रमांच्या परवान्यासच अटी जोडाव्यात. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयास आगाऊ सूचना असावी. रुग्णवाहिका एका जखमीला घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत पुढील घंटा वाजू नये. प्रत्येक मुष्टियोद्ध्याच्या तपासण्यांची व पराभवांची देशभर एकच नोंदवही असावी, आणि बेशुद्ध झालेल्यास ठराविक मुदतीपर्यंत कोणत्याही शहरात लढता येऊ नये. वजन घटविण्यासाठी शरीरातील पाणी आटवून घेण्याच्या घातक प्रथेस आळा घालण्याकरिता सामन्याच्या तीस व सात दिवस आधीही वजन तपासावे. जागतिक परिषदेत ही पद्धत आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सामना थांबविणारा पंच व डॉक्टर ह्यांचे मानधन आयोजकाच्या हातून जाऊ नये. ज्याच्या तिकिटांची विक्री सामना लांबण्यावर अवलंबून आहे, त्याच्याच पैशांवर सामना थांबविण्याचा अधिकार पोसला जाऊ नये.

ह्या अटींमुळे कार्यक्रमांचा खर्च वाढेल आणि काही कार्यक्रम होणारच नाहीत, अशी तक्रार होईल. रिंगणात उतरणारे बहुतेक तरुण गरीब घरांतले असतात. त्यांच्यापाशी विकण्याजोगे शरीराखेरीज दुसरे काही नसते. रुग्णवाहिकेचा खर्च ज्या कार्यक्रमास परवडत नाही, त्या कार्यक्रमाचा तोटा तेच आपल्या मस्तकावर सोसत असतात. असे कार्यक्रम न झाले तर कोणाचेही नुकसान नाही. दर वेळी एखादा तरुण गेल्यावरच नियमावलीत एक कलम वाढवावयाचे, हा दोन शतकांचा शिरस्ता निदान आपल्या देशात तरी सुरू होण्यापूर्वीच संपविता येईल. त्यासाठी लागणारे ज्ञान दुसऱ्यांनी प्राण देऊन मिळविले आहे. आपणांस केवळ ते वापरावयाचे आहे.