पाटी आहे, डॉक्टर कुठाय?

महात्मा फुल्यांच्या नावाची जन आरोग्य योजना आहे. मुळात ती २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. आधी घरटी वर्षाला दीड लाख होते, आता पाच. पिवळं कार्ड, केशरी कार्ड, २०२३ च्या निर्णयानं पांढरंसुद्धा. म्हंजे कागदावर आपण सगळेच विमेदार. शेठ झालो राव!

आता इस्पितळाच्या दारात काय होतं ते ऐका.

मी गोदीत कंत्राटावर गोणी उचलतो. कायम कामगाराला वडाळ्याला पोर्टाचं इस्पितळ आहे, आम्हाला फक्त मुकादम. आमच्या टोळीतल्या तात्यांना छातीत ब्लॉकेज निघालं. अँजिओप्लास्टी सांगितली. सरकारी इस्पितळात नंबर लांबचा, म्हणून योजनेची पाटी लावलेल्या एका बड्या खाजगी इस्पितळात गेलो. आरोग्यमित्राच्या टेबलावर बाई होत्या. म्हणाल्या, "भाऊ, कागद बरोबर आहेत, पण आधी डॉक्टरांनी केस घेतली पाहिजे." डॉक्टर वरच्या मजल्यावर. ते म्हणाले, "मी स्कीमच्या केसेस करत नाही. ऑफिसला विचारा." ऑफिस म्हणालं, योजनेच्या खाटा भरल्यात. खाली-वर, खाली-वर. तात्या छातीला हात लावून मागं मागं. शेवटी एक जण हळूच म्हणाला, कॅश असेल तर उद्या सकाळीच घेऊ.

खाटा भरलेल्या, पण कॅशला उद्या सकाळ मोकळी!

यातली मेख अशी. विमा सरकारचा, करार इस्पितळाशी, आणि हात डॉक्टरचा. हा डॉक्टर बऱ्याचदा पगारी नसतो, केसमागं फी घेतो. पॅकेजचा आकडा आधीच ठरलेला, त्यातून त्याच्या वाट्याला थोडकं येतं, मग तो टाळतो. इस्पितळ म्हणतं, सरकार बिलं थकवतं. थकवतंच, खोटं कशाला बोला. पण थकबाकी सरकारची आणि वसुली तात्यांच्या छातीतून, हा कुठला न्याय? वर आणखी, योजना दाखल झाल्यावरची. बाहेर डॉक्टरला नुसतं दाखवायची फी आपल्याच खिशातून. म्हंजे नकार ऐकायचा तोही पैसे मोजून.

आणि नाव कुणाचं लावलंय? १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेतलं आणि यशवंताच्या दवाखान्यात आणलं. त्याच प्लेगनं १० मार्चला त्या गेल्या. यशवंत त्यांचा दत्तक मुलगा, डॉक्टर होता. केस न घ्यायला त्यालाही कारणं सापडली असती.

दोस्तहो, काउंटरवर "योजना आहे का?" असं विचारूच नका. "आहे" हेच उत्तर मिळतं. काही इस्पितळं एखाद्याच विभागापुरती योजनेत असतात. विचारायचं असं: हे ऑपरेशन योजनेत कोण करतो, नाव सांगा, कुठल्या वारी येऊ? नाही म्हणाले तर लेखी मागा. लेखी म्हटलं की आवाज बदलतो. १५५३८८ ला फोन लावायचा तो तिथंच उभं राहून, त्यांच्यादेखत. इस्पितळ धर्मादाय ट्रस्टचं असेल तर आणखी एक दरवाजा आहे. हायकोर्टानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणं दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्या लागतात. ही भीक नाही. ट्रस्ट म्हणून सवलती घेतल्यात त्यांनी.

माझी मागणी फार मोठी नाही. योजनेच्या पाटीखाली विभागवार डॉक्टरांची नावं लिहा. वार लिहा. किती खाटा रिकाम्या ते रोज सकाळी लिहा. कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार हे गोदीत आधी ठरतं, जाहीर होतं. पोलादाच्या गुंडाळीला जायची जागा ठाऊक असते, अन् तात्यांना नाही!

तात्यांचं काम तिसऱ्या इस्पितळात झालं, योजनेतच. तिथल्या डॉक्टरीणबाई कार्ड न बघता म्हणाल्या, "सोमवारी या." म्हंजे असे डॉक्टर आहेत. तुम्हाला कुणी सापडला असेल तर इस्पितळ, विभाग आणि वार अंकाच्या पत्त्यावर कळवा. नकार मिळाला असेल तर तोही तारखेसकट पाठवा. पुढच्या अंकापासून दोन्ही याद्या छापायच्या आहेत.