परत घ्याल का? येस / नो

मंडळी, आयटीत तीन-चार वर्षं काढली की 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन' हा प्रकार सगळ्यांना माहीत होतो. नवी कंपनी जुन्या कंपनीला फॉर्म पाठवते. पद काय होतं, तारखा कोणत्या, राजीनामा दिला की काढलं वगैरे वगैरे. आणि अगदी शेवटी एक गरीब बिचारा दिसणारा रकाना असतो : 'एलिजिबल फॉर रीहायर? येस / नो'. कुणी नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून तिथे 'नो' येतं, कुणाचं मॅनेजरशी वाजलं म्हणून येतं, तर कुठे कंपनीचा नियमच असतो की एकदा गेलेल्याला परत घ्यायचं नाही. वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त 'नो' दिसतं, आणि बाकीची गोष्ट तो स्वतःच रचतो.

या रकान्याचा एक थोरला भाऊ आहे आणि तो अमेरिकन सैन्यात आहे. आजचा विषय तोच.

अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडताना प्रत्येकाला डीडी-२१४ नावाचा कागद मिळतो. नोकरी, शिक्षणाची मदत, घराचं कर्ज, अगदी लष्करी इतमामाने अंत्यसंस्कारसुद्धा, सगळीकडे हाच कागद लागतो. त्याच्या २४ नंबरच्या चौकटीत सेवा कशी झाली ते लिहितात (ऑनरेबल, जनरल इत्यादी) आणि २७ नंबरच्या चौकटीत असतो रीएन्ट्री कोड, म्हणजे आरई कोड. ढोबळमानाने आरई-१ म्हणजे पुन्हा भरती होता येईल, आरई-३ म्हणजे खास सूट मिळाली तर होता येईल, आणि आरई-४ म्हणजे नाही. बारकावे मात्र प्रत्येक दलाचे वेगळे.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. दोन वेगळ्या चौकटी आहेत, म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत. माणूस कसा वागला, हा एक. आम्हाला तो परत हवा आहे का, हा दुसरा. उत्तरंही वेगवेगळी असू शकतात. ऑनरेबल डिस्चार्ज आणि आरई-४ एकाच कागदावर असू शकतात. पूर्ण नोकरी करून, पेन्शन घेऊन मानाने घरी जाणाऱ्या आर्मीवाल्याचा कोडही ४ नेच सुरू होतो (४-आर). त्याला परत घ्यायचं नाही, कारण त्याची पाळी संपली. बस्स. म्हणजे हा कोड मुळात भरती कार्यालयाच्या सोयीचा आहे. माजी सैनिकांच्या सरकारी सवलतीसुद्धा डिस्चार्ज कसा होता यावर ठरतात, आरई कोडवर नाही.

पण कागद एकच असला की त्यावरचं सगळं सगळे वाचतात. पोलिसात किंवा सुरक्षेच्या कामात अर्ज करा, समोरच्याला २७ नंबरची चौकट दिसतेच. ४ दिसला की भुवई वर जाते.

हे काही नवीन दुखणं नाही. पूर्वी या कागदावर बाहेर पडण्याच्या कारणाचे सांकेतिक आकडे छापत. ते गुप्त आहेत असं समजायचं, पण त्यांच्या याद्या नोकरी देणाऱ्यांकडे पोचलेल्या असत. अनेक माजी सैनिकांना आपल्या कागदावरच्या आकड्याचा अर्थ काय तेही ठाऊक नसे, तो समोर बसलेल्या साहेबाला ठाऊक असे! बोंबाबोंब झाली आणि १९७४ मध्ये ते आकडे छापणं बंद करावं लागलं. पुढे तोडगा निघाला तो दोन प्रतींचा. छोट्या प्रतीत डिस्चार्जचा प्रकार, कारण, कोड यातलं काही नसतं, मोठ्या प्रतीत सगळं असतं. दिसायला छान. पण सवलतींसाठी मोठी प्रत लागते, आणि नोकरी देणाराही तीच मागू शकतो. छोटी प्रत पुढे केली की 'हा काहीतरी लपवतोय' अशी शंका यायला किती वेळ लागतो?

सगळ्यात वाईट उदाहरण 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल' या धोरणाचं. १९९४ पासून २०११ पर्यंत समलिंगी असल्याचं उघड झालं म्हणून तेरा हजारांवर लोकांना सैन्यातून काढलं. अनेकांच्या सेवेत खोट नव्हती, डिस्चार्ज ऑनरेबल होता. तरी कोड आरई-४, आणि शेजारी कारणही छापलेलं! म्हणजे नोकरीसाठी कागद दाखवायचा तर स्वतःचं खासगी आयुष्य टेबलावर ठेवायचं. २० सप्टेंबर २०११ ला धोरण गेलं, पण कागद आपोआप बदलले नाहीत. ज्याचा त्याने मंडळाकडे अर्ज करायचा, पुरावे जोडायचे, वाट बघायची. नियम बदलला तरी जुना डेटा तसाच पडून राहतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या चौकटींचं आपल्याला काय?

सांगतो. जून २०२२ मध्ये आपल्याकडे अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, पहिल्या वर्षी महिना तीस हजार आणि चौथ्या वर्षी चाळीस हजार पगार, त्यातले तीस टक्के सेवा निधीत. शेवटी व्याजासकट सुमारे ११.७१ लाख हातात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आणि प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम. नौदलाची पहिली तुकडी नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि लष्कराची जानेवारी २०२३ च्या सुमारास प्रशिक्षणाला लागली, म्हणजे पहिल्या मुलांची चार वर्षं २०२६ संपता संपता भरतात.

माझा एक आतेभाऊ सातारा जिल्ह्यातला. आमच्या त्या भागात सैन्यात जाणं ही नोकरी नसते, घराण्याची रीत असते. तो २०२४ साली भरती झाला, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला ट्रेनिंग केलं. सुट्टीवर आला तेव्हा मी आपला पगार, बचत असं विचारत होतो. तो म्हणाला, "दादा, शंभरातले पंचवीस ठेवणार. मी सव्विसावा आलो तर गावात काय सांगू?"

पैशाचं त्याने विचारलंच नाही. काय सांगू, हे विचारलं.

आपण अप्रेझलच्या बेल कर्व्हला रडणारी माणसं, आपल्याला हे गणित कळायला हवं. शंभरही मुलं उत्तम निघाली तरी पंचाहत्तर घरी जाणारच. मर्यादा आधीच ठरलेली आहे, तेव्हा 'ठेवलं नाही' यावरून त्या एका मुलाबद्दल फारसं काहीच कळत नाही. पण गावात, सोयरिकीच्या बैठकीत आणि आपल्या एसी कॉन्फरन्स रूममध्ये त्याचा अर्थ एकच लावला जाईल : 'काहीतरी असणार, उगाच नाही काढत.' आरई-४ बघून तिकडचा साहेब जे म्हणतो, तेच.

नोकरी देणाऱ्याला माहिती मिळाली पाहिजे, हे मान्य. ज्याने चोरी केली, शिस्त मोडली, त्याची नोंद वर्तणुकीच्या रकान्यात व्हावी आणि ती वाचली जावी. माझं म्हणणं एवढंच, की 'परत घेणार का' या प्रश्नाचं उत्तर ज्याने विचारलं त्याच्याकडेच राहावं. बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातातल्या कागदावर त्याने काय काम केलं, काय शिकला, वर्तणूक कशी होती हे असावं. कितवा आला हे नसावं. आणि नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करायची वाट सोपी असावी. अमेरिकेत डिस्चार्जचा फेरविचार मागायला पंधरा वर्षांची मुदत आहे, आणि एवढं असूनही लोक दमतात. आपल्याकडचा एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा कुठल्या खिडकीवर उभा राहणार?

कायदे, फॉर्म हे आपल्या हातात नाही, ठीक आहे. पण येत्या काही वर्षांत ही मुलं नोकरीसाठी आपल्यासमोर बसणार आहेत. सपोर्टला, नेटवर्कला, ऑपरेशन्सला, सिक्युरिटीला. बायोडेटात चार वर्षं सैन्य असेल. तेव्हा त्यांना रात्री दोन वाजता सिस्टिम बंद पडली तर काय कराल, हे जरूर विचारा. पण तुम्हाला का नाही ठेवलं, हे नका विचारू.