आधी हात द्या, मोबाईल नंतर काढा

मित्रहो, पोस्ट लांब आहे आणि काहींना झोंबेल. तरी वाचा.

12 जानेवारी 2025, रविवारची संध्याकाळ. निफाड तालुक्यातला धार्मिक कार्यक्रम आटोपून सिडकोकडे परतणारा टेम्पो आपल्या द्वारकाच्या उड्डाणपुलावर, लोखंडी सळया भरलेल्या ट्रकवर मागून आदळला. तरणी पोरं गेली. त्या रात्री माझ्या फोनवर काय काय येऊन पडलं, ते इथे लिहिणार नाही. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

पोरगं अजून घरी आलं नाही म्हणून दारात उभ्या असलेल्या आईच्या हातातही फोन असतो. पाठवताना हे किती जणांच्या मनात आलं?

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. काही वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका अपघाताचा फोटो मी घाईघाईत टाकला. सगळ्यांच्या आधी आपली बातमी, ही खुमखुमी. चेहरा दिसत नव्हता, पण मोटारसायकलची नंबरप्लेट दिसत होती. थोड्याच वेळात एका मुलीचा फोन आला. "दादा, ती गाडी आमची आहे. माझा भाऊ कसा आहे?" मला माहीत होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. फोटो काढून टाकला, पण तोवर तो गावभर गेला होता. तो आवाज अजून कानात आहे.

लोक म्हणतात, आम्ही जनजागृतीसाठी टाकतो. कसली जागृती? मालवाहू गाडीत माणसं भरण्याबद्दल लिहा. मागे लाल कापड किंवा दिवा न लावता सळया नेणाऱ्यांबद्दल लिहा. द्वारका चौकातल्या रोजच्या कोंडीबद्दल लिहा. त्यासाठी मेलेल्या पोराचा चेहरा लागत नाही.

दुसरे म्हणतात, मदतीला गेलो तर पोलिसांचं लचांड मागे लागतं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. 108 ला फोन लावायलाही तोच मोबाईल चालतो.

आणि अपघाताचा फोटो निदान खरा तरी असतो. अफवेला तेवढाही आधार नसतो. 1 जुलै 2018 आठवा. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारलं. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे. त्याआधी 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. मारहाणीचे व्हिडिओही फिरले. म्हणजे तिथेही मोबाईल वर होते, मधे पडणारे हात कमी पडले.

त्याच रात्री आपल्या मालेगावात याच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं. सोबत लहान मूल होतं. पोलिसांनी सोडवलं म्हणून वाचले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. पण पाच जणही पुरतात हो. आणि ते मेसेज पाठवणारे कोणी गुंड नव्हते. 'काळजी घ्या' म्हणून पाठवणारे तुमच्या-माझ्यासारखेच काका, मावशी, मास्तर होते.

संयम म्हणजे गप्प बसणं नव्हे. नगरसेवकाला, अधिकाऱ्याला, आम्हा पत्रकारांना खुशाल धारेवर धरा. पण गावात आलेल्या अनोळखी माणसाचा फोटो टाकून त्याला चोर ठरवू नका. संशय आला तर 112 आहे. मृताचा चेहरा, नंबरप्लेट, रडणारी आई, हे टाकू नका. घरच्यांना कळायच्या आधी नाव टाकू नका. चुकीचं टाकलंत तर नुसतं डिलीट करून पळू नका, चुकलं असं त्याच ग्रुपवर लिहा.

आजपासून माझ्या पेजवर असा फोटो दिसला तर मला तिथेच सुनवा. आणि तुमच्या ग्रुपवर आला तर ॲडमिनला सुनवा. भाऊबंद असला तरी.