रुळावरची भाकर



मूल तालुक्यातील एका भगिनीने आम्हाला एक प्रश्न विचारला आहे. तिचे यजमान काही महिन्यांपासून ठेकेदारामार्फत रेल्वेच्या कामावर जातात. खडी पसरणे, गवत काढणे, स्लीपर उचलणे असे काम. ती म्हणते, "सकाळी डबा हातात देते अन् सांजेपर्यंत जीव टांगणीला राहते. त्यांना काय सांगून धाडू?"

ही काळजी एका घरची नाही. चांदा फोर्ट, केळझर, मूल, राजोली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यात आणि इकडे वरोरा, भांदक, ताडाळी, बल्लारशाह या मोठ्या मार्गावर आपल्या समाजाचे कितीतरी लोक रुळांवर भाकर कमावतात. कोणी कायम ट्रॅकमन आहे, कोणी ठेकेदाराचा रोजंदार. ज्यांचा रेल्वेशी काही संबंध नाही अशा बायाही मोहफुलाच्या, तेंदूपानाच्या हंगामात आणि सरपणासाठी रूळ ओलांडतातच. म्हणून हे उत्तर एकीला नसून सर्वांना आहे.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गँगमन आहेत. तीस-बत्तीस वर्षे घन आणि पाना खांद्यावर वाहिलेला माणूस. त्यांना आम्ही हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "गाडी कवा येईल, कुठून येईल, हे गाडीले माहीत. आपल्याले नाही. हे ज्याच्या डोक्यात बसलं तो पेन्शन खाते."

आम्हाला वाटते, सगळे नियम या एका वाक्यातून निघतात. रुळावर माणूस बहुधा धाडसाने मरत नाही, अंदाजाने मरतो. "आता गाडी नाही" हा तो अंदाज.

८ मे २०२० ची पहाट आठवा. टाळेबंदीत जालन्याहून आपल्या गावाकडे, मध्य प्रदेशात, पायदळ निघालेले मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे थकून रुळावरच झोपले. गाड्या बंद आहेत असे सर्व देश ऐकत होता. बंद होत्या त्या प्रवासी गाड्या. मालगाड्या चालूच होत्या. १६ जण गेले, आणि रुळावर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. त्यांना कोणी मूर्ख म्हणू नये. चालून चालून मोडलेल्या माणसाला रुळाची सपाट जागा पलंगासारखी वाटते. पण अंदाज चुकला.

ते मजूर रेल्वेचे नव्हते. लासलगावचे चौघे तर रेल्वेचेच ट्रॅकमन होते. १३ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे पावणेसहाच्या सुमारास ते रुळावर कामात असताना वरच्या तारांच्या दुरुस्तीची टॉवर वॅगन त्यांच्यावर आली. ती उलट्या दिशेने येत होती, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. ज्या बाजूने गाडी येते म्हणून आयुष्यभर बघायची सवय, त्या बाजूने ती आलीच नाही. आणि २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, लोक खाली उतरले ते थेट शेजारच्या रुळावर. त्याच रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ प्रवासी मेले. आग नव्हतीच.

आता कानांविषयी. "गाडी आली की ऐकू येईलच" हा दुसरा अंदाज. आपल्याच चिचपल्लीच्या जंगलात १५ नोव्हेंबर २०१८ ला वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली सापडले. पान हलले तरी कान टवकारणारी ही जात! तिथे दुपट्टा बांधलेल्या माणसाच्या कानाचा काय भरवसा? आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्याला व कानाला घट्ट दुपट्टा, पावसाळ्यात डोक्यावरून पोत्याची खोळ, हिवाळ्यात मफलर. तिन्ही ऋतूंत कान झाकलेले आणि बाजूची नजरही बंद. विजेचे इंजिन डिझेलसारखे दुरून धडधडत नाही. वारा उलटा असला, वळण असले, शेजारी खडी ओतण्याचा आवाज असला, तर गाडी अंगाशी येईपर्यंत कळत नाही. म्हणून रुळाजवळ कान उघडे ठेवा आणि तरी त्यांच्यावर विसंबू नका. मान वळवून दोन्हीकडे बघा. मोबाईल तर डब्याच्या पिशवीतच राहू द्या. कानात वायर घालून रुळावर चालणाऱ्या पोरांना पाहिले की आम्हाला संताप येतो.

डोळाही फसवतो. समोरून सरळ येणारी गाडी जागेवरच उभी आहे असे वाटते. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर कापते. अर्धा किलोमीटर दूर दिसलेली गाडी १८ सेकंदांत तुमच्यापाशी येते. एवढ्यात बिडीही धड पेटत नाही. आणि ड्रायव्हरने तुम्हाला पाहिले तरी तो काय करणार? रेल्वेचा स्वतःचाच नियम पाहा. पुढे धोका असेल तर मोठ्या लाइनवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळाला बांधायचे. म्हणजे गाडी थांबवायची तर सव्वा किलोमीटर आधी सांगावे लागते, हे रेल्वेलाच मान्य आहे. शिटी ही गाडी थांबत असल्याची खूण नाही.

बाजूला व्हायचे म्हणजे किती? दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, आणि डब्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास. म्हणजे डबा रुळाच्या बाहेर दोन्हीकडे अडीच-अडीच फूट येतो. त्यावर उघडे दार, मालगाडीची लोंबती साखळी, ताडपत्रीचा दोर. रूळ सोडून हातभर उभा राहिलेला माणूस वाचत नाही. खडी उतरून पार कडेला जा आणि गाडीकडे तोंड करून उभे राहा. हत्यारेही रुळावरून काढा, कारण उडालेली पहार गोळीसारखी लागते. सगळ्या टोळीने एकाच बाजूला जायचे, म्हणजे मेटला डोकी मोजता येतात. दोन लाइनींच्या मध्ये कधीच थांबायचे नाही आणि एका गाडीला चुकवताना दुसऱ्या लाइनीवर पाय टाकायचा नाही.

ही शेवटची गोष्ट आपल्या भागात मुद्दाम सांगावी लागते. चांदा फोर्ट-गोंदिया ही पूर्वी छोटी लाइन. गाडी इतकी सावकाश की जुनी माणसे चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढल्याच्या गमती सांगतात. नव्वदच्या दशकात ती मोठी झाली, पुढे वर विजेच्या तारा आल्या. तरी ती एकेरीच राहिली, म्हणून एकच रूळ बघून ओलांडायची सवय अंगात मुरली. आता एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशाह या २४० किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली आहे. वडसा-गडचिरोली हा ५२ किलोमीटरचा नवा मार्गही आहेच. कामे निघतील, मजुरी मिळेल, हे चांगलेच. पण चालू लाइनीला खेटून दुसरी लाइन टाकण्याचे काम फार धोक्याचे. पाठीमागून गाड्या जातच राहतात. आणि लाइन दुहेरी झाली की एक गाडी गेली म्हणून लगेच पाय टाकणारा माणूस तिच्या आड लपलेल्या दुसऱ्या गाडीखाली जाईल. गाडी गेल्यावर थांबा, तिची शेपटी दूर जाऊ द्या, पलीकडची लाइन पूर्ण मोकळी दिसू द्या.

"ब्लॉक मिळाला" हा शब्द कामावर वाऱ्यासारखा फिरतो. ब्लॉक म्हणजे ठरावीक वेळ लाइन गाड्यांसाठी बंद. आमचे गँगमन म्हणाले, "कोणी सांगितलं? ज्याच्या हाती कागद त्यानं सांगितलं का, का चहावाल्यानं?" कामावरच्या रेल्वेच्या जबाबदार माणसाने स्वतः सांगेपर्यंत ब्लॉक नाही असेच धरा. आणि ब्लॉकमध्येही खडीची गाडी, टॉवर वॅगन, कामाची यंत्रे त्याच रुळावर धावतात, शेजारची लाइन चालूच असते. लासलगाव विसरू नका.

कोळशाच्या गाड्यांचे वेगळेच दुखणे. माजरी, ताडाळी, बल्लारशाह इकडे पन्नास-साठ वाघिणींची मालगाडी तासभर वाट अडवून उभी असते. शाळेची वेळ झालेली, फाटक दूर. मग दप्तर आधी सरकवायचे आणि मागून आपण वाकायचे. बायका मोळी घेऊन वाकतात. त्या गाडीचे इंजिन अर्ध्या किलोमीटरपेक्षा दूर असते. शिटी ऐकू येत नाही, आणि सुटताना एकेका वाघिणीला झटका बसत येतो तो क्षणात. उन्हात तिच्या सावलीला डबा खाणारे मजूरही आम्ही पाहिले आहेत. सावली हवी तर झाडाची घ्या, ते तरी सुटत नाही. स्टेशनच्या तोंडाशी सांधे बदलतात तिथे पाय ठेवू नका. दूर बसलेला माणूस बटण दाबतो आणि दोन लोखंडांमध्ये पाऊल चिमटते.

आपला जिल्हा बांबूचा. रुळावरच्या तारेत २५,००० व्होल्ट वीज असते, आणि ती पकडण्यासाठी तारेला हात लागावाच लागतो असे नाही. नुसते जवळ गेले तरी ती झेप घेते. तार साधारण अठरा फुटांवर. वीस फुटांचा ओला बांबू उभा धरून फाटक ओलांडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. बांबू, लोखंडी पाईप, आंबे तोडायची आकडी, सगळे आडवे धरा. उभ्या मालगाडीच्या टपावर फोटोसाठी चढणाऱ्या पोराला दोन थपडा मारून उतरवा, आमची हरकत नाही.

१५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक लेकरांसह गाडीने येतात. गर्दीत पुलावर चढायचा कंटाळा येतो, म्हातारी माणसे थकलेली असतात, आणि कोणीतरी फलाटावरून खाली उतरून वाट दाखवतो. त्याच्यामागे जाऊ नका. थांबा, बसा, गर्दी ओसरू द्या. गाडी मध्येच थांबली तर रुळाकडच्या दाराने उतरू नका.

अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये सरकारला कळवले की रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० माणसे मरतात. त्याच अहवालात २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर मेल्याची नोंद आहे. ठेकेदाराचे मजूर अशा हिशेबात किती येतात, हा आमचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला पोर्टरसुद्धा होऊ देत नाहीत, हे त्यांनी तेथे मांडले. लासलगाव त्याच मनमाडच्या मार्गावर आहे. आज कायम नोकरीत बढतीचे दार उघडले, पण ठेक्याच्या कामात दाराशी उभे राहायचीही भीती. "बोललो तर उद्या बोलावणार नाही" म्हणून माणूस गप्प बसतो.

तरी दोन गोष्टी मागा, आणि एकट्याने न मागता टोळीने मागा. कामाच्या जागी फक्त गाडी बघायला नेमलेला, शिटी आणि झेंडी असलेला लुकआऊटवाला. त्याच्या हाती फावडे द्यायचे नाही. आणि प्रत्येकाला नारंगी, चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट. रात्री घेतलेली सकाळी उतरली नसेल तर त्या दिवशी मात्र स्वतःच घरी राहा, टोळीचाही जीव त्यात असतो.

आता भगिनीने विचारले नाही ते. कोणी परवानगीवाचून रुळावर गेला तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि रूळ ओलांडताना मेला तर प्रवाशाला मिळते ती भरपाई त्याला मिळत नाही. कामावरच्या मजुराचे तसे नाही. ठेकेदाराने हात वर केले तरी ज्याचे काम आहे त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून आहे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. रक्कम मजुरी आणि वयावर ठरते. म्हणून मजुरी शक्यतो बँकेत घ्या. ठेकेदाराचे पूर्ण नाव, कामाची जागा, सोबत्यांचे फोन नंबर आणि हजेरीची तारीख एका वहीत लिहून ती वही घरी ठेवा. कामाच्या पिशवीत नको. रुळावर किंवा गाडीत काही विपरीत दिसले तर १३९ नंबर आहे, तो लेकरांनाही पाठ करून ठेवायला सांगा.

आणि बाई, सकाळी डबा देताना दुपट्टा कानावरून थोडा वर सारून द्या.