मीटरला निळा एलईडी लावताय? आधी अप्परचा दिवा दिसतो का ते बघा

रील जेमतेम अर्ध्या मिनिटाची असते. दुचाकीचं मीटर उघडलेलं, आतला पिवळट बल्ब निघतो, तिथे एलईडी बसतो, किल्ली फिरते आणि मोबाइलचा पूर्ण स्क्रीन निळा होतो. काम झटपट, साध्या बल्बची गाडी असेल तर खर्च दोन प्लेट तर्री-पोह्यांच्या आसपास. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीत (बीडची आष्टी वेगळी) गाडी सजवायची म्हटलं की पोरांच्या यादीत हे काम बरंच वर असतं. सायलेन्सरसारखा आवाज होत नाही, कोणाला त्रास नाही, मग हरकत काय?

हरकत आहे, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना घरच्या गाडीचं मीटर मीच निळं केलं. त्या आठवड्यात तळेगावहून आष्टीला रात्री येताना समोरची जवळजवळ प्रत्येक गाडी मला डिप्पर मारत होती. मला वाटलं, लोकांना मीटर आवडलं. (त्या वयात असं वाटतं.) घरी आल्यावर वडिलांनी दारातूनच हाक मारली, ‘अबे, अप्पर चालू आहे तुझा.’ हेडलाइटचा लांब झोत अख्ख्या रस्त्यात चालू होता आणि ते सांगणारा मीटरमधला छोटा निळा दिवा माझ्या नव्या निळ्या उजेडात बुडून गेला होता.

मीटरमधले रंग कोणी ठरवले?

मीटरमध्ये दोन प्रकारचे दिवे असतात. एक डायल उजळवणारा, म्हणजे बॅकलाइट. दुसरे काहीतरी सांगणारे सूचक दिवे. या सूचक दिव्यांचे रंग कंपनीच्या मर्जीवर नाहीत, ते जगभर जवळपास सारखे आहेत. अप्परचा निळा. इंडिकेटर आणि न्यूट्रलचा बहुतेक गाड्यांत हिरवा. इंजिनातला बिघाड सांगणारा पिवळट-नारिंगी. ऑइलचा दाब किंवा तापमान यांसारख्या ‘आत्ताच थांबा’ प्रकारच्या सूचनांना लाल. कुठल्याही देशातली, कुठल्याही कंपनीची गाडी चालवायला घेतली तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून रंग कळावा आणि वाचत बसायला लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

बॅकलाइट निळा केला की सर्वांत आधी अप्परचा दिवा हरवतो. हिरवा केला तर वळण घेऊन दोन किलोमीटर झाले तरी इंडिकेटर चालूच राहतो आणि मागचा ट्रकवाला बुचकळ्यात पडतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या दुचाकींत इंधन इंजेक्शन आलं. आता इंजिनाची तक्रार आधी त्या पिवळट दिव्यातून कळते. तोही झगमगाटात दिसला नाही, तर गाडी मेकॅनिककडे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

निळाच रंग डोळ्यांना का नडतो?

अंधारात पाहण्याचं काम डोळ्यातल्या दंडपेशी करतात. त्या पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि तीव्र उजेड पडला की तो सराव काही क्षणांत मोडतो. या पेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात. गडद लाल प्रकाश त्यांना जवळपास जाणवतच नाही. म्हणूनच पाणबुड्यांत आणि जुन्या विमानांच्या कॉकपिटमध्ये रात्री लाल दिवे वापरत.

निळ्याची आणखी एक खोड आहे. डोळ्याचं भिंग निळ्या आणि लाल प्रकाशाला एकाच ठिकाणी आणत नाही. लांबचा रस्ता स्पष्ट दिसत असताना निळे आकडे कडांना पसरट, धूसर दिसतात. डोळ्याच्या आत निळा प्रकाश विखुरतोही जास्त. वय वाढलं, मोतीबिंदूची सुरुवात असली की हे विखुरणं वाढतं. हेल्मेटच्या ओरखडे पडलेल्या काचेत मीटरचं प्रतिबिंब उमटतं ते वेगळंच.

इथे अतिशयोक्ती नको. दुचाकीवर आपलाच हेडलाइट समोर असतो, त्यामुळे डोळे पाणबुडीतल्यासारखे पूर्ण अंधाराला सरावलेले नसतातच. पण हेडलाइटच्या झोताच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला काय उभं आहे, ते ओळखायचं काम याच अर्धवट सरावलेल्या डोळ्यांचं. आणि आपल्या भागात कडेला बरंच काही उभं असतं. आष्टीहून वरूडकडे जा किंवा तळेगावला नागपूर-अमरावती महामार्ग गाठा. गाव सुटलं की रस्त्यावर दिवे नाहीत. संत्र्याच्या बागा, तुरीची शेतं आणि त्यातून अचानक रस्त्यावर येणारे रोही आणि रानडुकरं. रोही अंगावर आला तर दुचाकीस्वाराकडे ब्रेकसाठी एखादा सेकंद असतो.

शिवाय गावात गाडी एकट्याची नसते. मुलाने कॉलेजला मिरवायला निळं केलेलं मीटर घेऊन रात्री ओलिताला वडील जातात, कारण शेतीपंपाची लाइन रात्रीची असते. वय पन्नाशीच्या पुढे, चष्म्याचा नंबर तीन वर्षांपूर्वीचा. रंग निवडताना त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

मग लाल करायचं का?

लाल सोपं उत्तर वाटतं, पण ते पूर्ण बरोबर नाही. लाल-हिरव्याचा गोंधळ होणारे पुरुष आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त आहेत आणि त्यातल्या काहींना लाल आकडे फारच मंद दिसतात. धोक्याचा लाल दिवाही लाल पार्श्वभूमीत बुडतो. माझं मत मंद पिवळसर-नारिंगी उजेडाला. डोळ्याला कमी त्रास, आकडे रेखीव. इंजिनाच्या दिव्याशी रंग जुळतो हे खरं, म्हणून उजेड कमीच ठेवायचा. खरं सांगायचं तर रंगापेक्षा तीव्रता जास्त महत्त्वाची आहे. मंद निळा एक वेळ चालेल, डोळ्यात घुसणारा कोणताच नाही.

हे काम नेमकं होतं कसं?

जुन्या, काट्याच्या मीटरमध्ये मागून रबरी होल्डरमध्ये छोटे १२ व्होल्टचे काचेचे बल्ब खोचलेले असतात, दीड-दोन ते तीन वॉटचे. मीटर न फोडता होल्डर ओढायचा, बल्ब बदलायचा. एलईडी लागला नाही तर उलटा फिरवून खोचा, कारण त्यात वीज एकाच दिशेने वाहते. इथवर कोणालाही जमतं. पण साधा बल्ब उजेड चहूबाजूंना टाकतो आणि एलईडी समोर, त्यामुळे डायलच्या मध्यावर लख्ख ठिपका आणि कडेचे आकडे अंधारात, असा प्रकार होतो. अनेक डायलच्या मागे हिरवट रंगाचा थर असतो. फिल्टर रंग फक्त काढून घेतो, घालत नाही. हिरव्या थरामागे लाल किंवा गडद निळा एलईडी लावला, तर हाती बहुतेक अंधारच येतो. आणखी एक गोष्ट: जुन्या कम्यूटर गाड्यांत लाइटची वायर बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या एसीवर असायची. तिथे एलईडी आयडलिंगला लुकलुकतो. बल्ब खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

डिजिटल मीटरमध्ये मात्र सर्किट बोर्डावर चिकटवलेले बारीक एलईडी असतात, ते सोल्डरिंगने काढावे लागतात. इथे थोडं गणित आहे आणि बहुतेक चुका इथेच होतात. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्याला ३.२ च्या आसपास. समजा बोर्डावर तीन निळे एलईडी एका ओळीत आहेत. गाडी चालू असताना मिळतात १४ व्होल्ट. एलईडी घेतात ९.६; उरलेले ४.४ व्होल्ट २२० ओहमच्या रेझिस्टरवर पडतात आणि प्रवाह होतो २० मिलिअँपिअर. आता तेच तीन काढून लाल लावले तर एलईडी घेतात फक्त ६ व्होल्ट, रेझिस्टरवर ८ येतात आणि प्रवाह जातो ३६ वर. महिनाभर सुंदर दिसतं, मग एकेक एलईडी विझत जातो. उलट, चार लालच्या जागी चार निळे लावले तर त्यांनाच १२.८ व्होल्ट हवेत. बॅटरी जरा उतरली की मीटर काळं. रंगाबरोबर रेझिस्टर बदलला का, एवढा एक प्रश्न कारागिराला विचारा. तो गोंधळला तर गाडी परत घेऊन या.

मीटर उघडण्याची किंमत वेगळी मोजावी लागते. कारखान्यातलं सील एकदा सुटलं की मृगाच्या पहिल्या पावसात काचेच्या आत वाफ धरते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की हलका गोंद सुटतो. काट्याखालचा थर काढायला काटा उपटला आणि परत बसवताना दोन रेघा चुकला, तर गाडी ६० वर असताना मीटर ५० दाखवतं. आणि गाडी विकताना उघडलेलं मीटर पाहून गिऱ्हाईक पहिला संशय घेतो की किलोमीटर मागे फिरवले.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं. मीटरच्या बॅकलाइटचा रंग आरसीवर नसतो, त्यामुळे गाडीचा रंग किंवा इंजिन बदलण्याइतकी ही गोष्ट सरळ नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेले सुटे भाग बसवून केलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बल्ब बदलला म्हणून कोणी हे कलम लावेल असं मला वाटत नाही. पण स्पीडोमीटर चालू असणं नियमाने बंधनकारक आहे. हौसेपायी तोच बंद पडला तर बाजू मांडायला जागा उरत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर उघडलेल्या मीटरचा दावा फेटाळला जाऊ शकतो, तेही धरून चाला.

यात कंपन्यांनाही मोकळं सोडता येणार नाही. महागड्या गाड्यांचे रंगीत स्क्रीन दिवस-रात्र ओळखून आपोआप मंद होतात. आमच्याकडे दारोदारी दिसणाऱ्या, शेतात-बाजारात राबणाऱ्या कम्यूटर गाडीला उजेड कमी करायचं साधं बटणही नसतं. मूळ मीटर फिकट आणि कंटाळवाणं असेल, तर पोरं ते उघडणारच.

तरी करायचंच ठरवलं असेल, तर पैसे देण्याआधी गाडी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघू नका. रात्री गावाबाहेर, दिवे नसलेल्या रस्त्यावर न्या. हेल्मेट घालून सीटवर बसा, काच खाली घ्या, नजर समोर लांब ठेवा. अप्पर लावा, मग बंद करा. एकेक इंडिकेटर लावा. मान खाली न घालता यातला प्रत्येक दिवा लागल्याचं कळलं तर ठीक. नाही कळलं तर कमी उजेडाचा, एकाच चिपचा पिवळा बल्ब मागा. माझ्या घरच्या गाडीत आता तोच आहे, आणि वडिलांच्या मते मीटर ‘पहिल्यासारखं’ झालं.