खांद्यावरची पट्टी वेळेत चढू द्या

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन जवळ आला की मानद कमिशनची यादी निघते. उभी हयात नौदलात काढलेला मास्टर चीफ पेटी ऑफिसर मानद सब-लेफ्टनंट किंवा मानद लेफ्टनंट होतो. गावात बॅनर लागतो, ग्रामपंचायत शाल-श्रीफळ देते, शाळेत झेंडावंदनाला बोलावणं येतं. मी स्वतः मास्टर चीफ म्हणून निवृत्त झालो. विमानांवरच्या शस्त्रांच्या कामात माझी नोकरी गेली. या यादीतली नावं आजही मी बोट ठेवून वाचतो आणि ओळखीचं नाव दिसलं की फोन करतो. आनंद मनापासूनचा असतो. पण दर वेळी मनात येतं, हा माणूस अधिकारी व्हायच्या लायकीचा होता, तर ते त्याची सेवा संपत आल्यावरच कसं काय लक्षात आलं?

या संदर्भात मला अमेरिकन नौदलातल्या जॉन फिन यांच्याबद्दल लिहायचं आहे. आमच्याच कामातला माणूस. १९०९ साली लॉस एंजेलिस भागात जन्म, शाळा सातवीपर्यंत. १९२६ मध्ये, सतरा पूर्ण व्हायच्या आत, ते नौदलात शिरले आणि विमानांच्या शस्त्रविभागात गेले. अवघ्या नऊ वर्षांत, १९३५ साली, ते चीफ पेटी ऑफिसर झाले. शांततेच्या काळात बढत्या मुंगीच्या पावलांनी मिळत असताना नऊ वर्षांत चीफ होणं म्हणजे काय, हे गणवेशात राहिलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

७ डिसेंबर १९४१ ला ते हवाईमधल्या कानेओहे बे तळावर होते. पर्ल हार्बरचं नाव जगाला ठाऊक आहे, पण जपानी विमानं कानेओहेवर त्याच्या काही मिनिटं आधीच पोहोचली होती. तिथे पीबीवाय कॅटलिना जातीची समुद्रावर उतरणारी टेहळणी विमानं होती, एकूण ३६. त्यातली तीन गस्तीवर होती म्हणून वाचली. उरलेली तेहेतीस जळाली किंवा निकामी झाली. रविवारची सकाळ होती. फिन घरी होते. गोळ्यांचा आवाज ऐकून गाडीने हँगरकडे निघाले. तिथे त्यांची माणसं जळत्या विमानांतल्या मशीनगन चालवून जमेल तसा प्रतिकार करत होती. फिन यांनी पॉइंट ५० ची एक मशीनगन प्रशिक्षणासाठी वापरायच्या तिवईवर चढवली आणि ती सरळ उघड्यावर ओढत नेली, कारण आकाश तिथूनच नीट दिसत होतं. आडोसा म्हणून काहीच नव्हतं. दोन तासांच्या आसपास ते गोळ्या झाडत राहिले. पायात गोळी घुसली, खांद्यात आणि हातात बॉम्बचे तुकडे. अंगावर वीसहून जास्त जखमा होत्या. उपचाराला जा असा हुकूमच सुटला, तेव्हा ते हटले. मलमपट्टी करून घेतली आणि परत हँगरवर आले, उरल्यासुरल्या विमानांवर शस्त्रं चढवायला!

मला या सगळ्यात ते परत येणं सर्वात मोठं वाटतं. गोळ्या झाडणं हे शौर्य खरंच. पण त्यानंतर, बँडेजसकट, विमानावर शस्त्रं चढवायला उभं राहणं हे पंधरा वर्षांच्या सवयीचं काम आहे. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना बंदूक म्हणजे ट्रिगर वाटतो. ट्रिगर दाबायच्या आधी पट्ट्यातली एकेक गोळी दुव्यात सारखी बसलेली असावी लागते. एक जरी केसभर पुढेमागे असली की बंदूक अडते, आणि नेमकी हवी तेव्हा अडते. त्या काळच्या पॉइंट ५० मध्ये तर नळी आणि बोल्ट यांमधलं अंतर हाताने जुळवावं लागायचं. ते चुकलं तर काडतूस आतच फुटायचं. फिन यांनी उघड्यावर नेलेली बंदूक त्या सकाळी चालत राहिली, हे नशिबाचं काम नव्हतं.

सप्टेंबर १९४२ मध्ये विमानवाहू एंटरप्राइझ जहाजावर ॲडमिरल निमिट्झ यांनी त्यांना मेडल ऑफ ऑनर दिलं. त्याच वर्षी त्यांना कमिशन मिळालं. चीफ फिन एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांच्या पहिल्या पायरीवर, आले, पुढे लेफ्टनंट झाले. हँकॉक या विमानवाहू जहाजावरही त्यांनी अधिकारी म्हणून काम केलं. युद्ध संपलं आणि १९४७ साली त्यांना परत चीफ पेटी ऑफिसर करण्यात आलं. देशाचं सर्वोच्च शौर्यपदक छातीवर असलेल्या माणसाला खांद्यावरची पट्टी उतरवून पुन्हा चीफच्या मेसमध्ये जावं लागलं. १९५६ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ते लेफ्टनंट होते, पण मधला हा उतार मला अजून टोचतो. युद्धात अधिकारी कमी पडतात तेव्हा अनुभवी नौसैनिक चालतो. शांतता आली की त्याची जागा रिकामी हवी असते. यात फिन यांची काहीही चूक नव्हती, त्यांच्या कामातही काही फरक पडला नव्हता.

आपल्याकडे वाट बंद आहे असं मी म्हणणार नाही. तरुण नौसैनिकाला सीडब्ल्यू (कमिशन वर्दी) योजनेतून, एसएसबी ही अधिकारी निवडीची चाचणी देऊन अकादमीत जाता येतं. अनुभवी नौसैनिकाला स्पेशल ड्युटीज, म्हणजे आमच्या बोलण्यातला एसडी, अधिकारी होता येतं. माझं म्हणणं एवढंच की ही वाट अरुंद आहे, आणि तिच्याकडे बघायची नजर त्याहून अरुंद. एसडी अधिकारी अधिकाऱ्यांच्या वॉर्डरूममध्ये जेवतो, पण त्याला अजूनही ‘खालून आलेला’ म्हणतात. तो मेसमधल्या जुन्या सोबत्यांशी सैल वागेल, शिस्त राखणार नाही, असा एक आक्षेप हमखास निघतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

गोव्यात दाबोळीला आमच्या हँगरमध्ये एक एसडी अधिकारी होते. सी हॅरियरच्या तीस मिलिमीटर तोफेचा गोळ्यांचा पट्टा भरून झाला की ते कागदावर सही करायच्या आधी वाकायचे आणि पट्ट्यावरून तळहात फिरवायचे. डोळे दुसरीकडे, हात पट्ट्यावर. एकदा त्यांचा हात मध्येच थांबला. “हा काढ बाळा, परत बसव,” एवढंच म्हणाले. त्या पोराने तो दुवा काढला तेव्हा आम्हाला कुणालाच डोळ्यांनी दोष दिसला नव्हता. ते ओरडले नाहीत, रिपोर्ट केला नाही. पण त्या दिवसापासून आमच्या पाळीत पट्टा भरून झाल्यावर प्रत्येक जण स्वतः तळहात फिरवू लागला. शिस्त याहून वेगळी कशाला म्हणायची? आणि ही शिस्त लावायला खांद्यावर पट्टी असलेलाच माणूस लागतो, कारण विमान सोडायचं की थांबवायचं यावर त्याचा शब्द चालतो. मास्टर चीफ फार तर सुचवू शकतो.

धैर्य तर आमच्या नौसैनिकांत कधीच कमी नव्हतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात खुलन्याजवळ बोट बुडाल्यावर जखमी अवस्थेत सोबत्यांना वाचवणारे, त्यांना निसटता यावं म्हणून शत्रूच्या अंगावर धावून जाणारे आणि त्यात पकडले गेलेले चिमण सिंग तेव्हा लीडिंग सीमन होते. त्यांना महावीर चक्र मिळालं. पदक देताना आपण हुद्दा बघत नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. जबाबदारी देताना मात्र आपण फार थांबतो.

फिन शंभर वर्षं जगले. निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियातल्या आपल्या शेतावर पत्नी ॲलिससह राहिले. दोघांनी तिथल्या आदिवासी समाजातली पाच मुलं वाढवली. २०१० मध्ये ते गेले, आणि त्यांना त्याच समाजाच्या दफनभूमीत ॲलिसच्या शेजारी जागा मिळाली. २०१७ मध्ये त्यांच्या नावाची विनाशिका नौदलात दाखल झाली, तीही पर्ल हार्बरमध्येच. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये या जहाजाने आंतरखंडीय क्षेपणास्त्रासारखं लक्ष्य आकाशात टिपलं. त्यांच्या नावाला हे शोभलं. पण जहाजाला नाव देणं सोपं असतं, माणूस तेव्हा बहुतेकदा हयात नसतो.

संरक्षण मंत्रालयाकडे आणि नौदल मुख्यालयाकडे माझं मागणं साधं आहे. मानद कमिशन राहू दे, तो घरच्यांचा आनंद आहे. त्याच्या जोडीला एसडी अधिकाऱ्यांच्या जागा वाढवा. निवडीत लेखी परीक्षेइतकंच वजन हँगरमधल्या, इंजिनरूममधल्या, पाणबुडीतल्या कामाच्या नोंदींना द्या. आणि निवड अशा वयात करा की पट्टी चढल्यावर त्या माणसाला किमान दहा-बारा वर्षं अधिकारी म्हणून काम करता येईल, एखादी तुकडी त्याच्या हाताखाली तयार होईल. आज कुठल्या तरी हँगरमध्ये तिशी ओलांडलेला एखादा पेटी ऑफिसर असाच पट्ट्यावरून हात फिरवत असेल. त्याचं नाव या वर्षीच्या निवडीत यायला हवं.