सासूबाईंची रेकॉर्ड

मैत्रिणींनो, विट्याहून एक भगिनी विचारतात, “माळा आवरताना सासूबाईंची ‘जैत रे जैत’ची रेकॉर्ड निघाली. भंगारात घालू का?”

अहो, मुळीच नको! १९७७ चा हा जब्बार पटेलांचा चित्रपट. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतली ठाकरांची ही गोष्ट पडद्यावर गाण्यांतूनच पुढे सरकते. म्हणून आवडीचं एकच गाणं लावून उठू नका. दोन्ही बाजू सलग ऐका. नाग्या, चिंधी अन् लिंगोबाचा डोंगर घरबसल्या डोळ्यांपुढे उभे राहतात.

आता निगा. तुमचं गाव यंत्रमागांचं, सुताची बारीक धूळ उडायचीच. रेकॉर्ड कडेनं धरा. मऊ, कोरड्या फडक्यानं खाचांच्या दिशेनं गोल पुसा. एकावर एक रचू नका, उभी ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हानं ती वाकते. कपाटात जागा करा. प्लेअरची सुई झिजली असेल तर आधी बदला, नाहीतर खाचा खरवडतात.

प्लेअर नसेल तर ही गाणी मोबाइलवरही ऐकता येतील. पण एक विचारू? भंगाराचं मला विचारलंत, सासूबाईंना विचारलंत का? दुपारी कामं आटोपली की त्यांना शेजारी बसवून गाणी लावा. ही रेकॉर्ड कधी घेतली, कुणासोबत ऐकली, ते विचारा. इतकी वर्षं एका घरात राहून एवढं विचारायचं आपलं राहूनच जातं, नाही का?